घरचा बाण



मराठीत ‘बाण’ हा एकच शब्द दोन वस्तूंना लागतो. धनुष्याच्या दोरीवरून सुटतो तोही बाण आणि नळीत ठासलेल्या दारूच्या जोरावर आपणहून झेपावतो तोही बाणच. पुढे विज्ञानाच्या पुस्तकांतून दुसऱ्याला ‘अग्निबाण’ असे नाव मिळाले. दिवाळीत मात्र मुले आजही दुकानदाराकडे नुसता बाण मागतात. हा शब्दांचा दुष्काळ नव्हे. ज्यांनी एक शब्द दोन्हींसाठी वापरला त्यांना या दोन वस्तूंतील नाते डोळ्यांना दिसत होते. एकाला मागे पिसे लावलेली असतात, दुसऱ्याला मागे लांब काठी बांधलेली असते. पिसे काढून घेतली तर तीर भरकटतो. काठी मोडून टाकली तर दारूचा बाण गिरक्या घेत कोणाच्या अंगावर येईल याचा नेम राहत नाही. उडणे ही बाणाची सोपी बाजू होय. अवघड असते ते सरळ जाणे.

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे घरातल्या वस्तूंतून अग्निबाणाची साधी प्रतिकृती तयार करणे. स्थळ म्हणून तिरुनीलक्कुडी हे गाव डोळ्यांसमोर ठेवू. तमिळनाडूत कुंभकोणमच्या परिसरात, आडुदुरैजवळ, कावेरीच्या खोऱ्यातील हे लहानसे गाव नीलकंठेश्वराच्या देवळासाठी प्रसिद्ध आहे. तेथील लिंगावर ओतलेले तेल दगडात जिरते अशी भाविकांची श्रद्धा आहे. भोवताली भाताची खाचरे, कालवे, नारळाची झाडे. आडुदुरैला १९२२ पासून भातसंशोधनाचे केंद्र आहे आणि ‘एडीटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या भाताच्या जाती तेथल्याच. एवढ्या सपाट, मोकळ्या प्रदेशात बाण उडवायला जागा शोधावी लागत नाही; पिके निघाल्यानंतर उन्हाळ्यात शेते रिकामी पडतात तेव्हा तर मुळीच नाही.

मराठी वाचकाला हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरच्या गादीवर भोसले घराणे होते. त्यांपैकी तुळजाजीच्या कारकिर्दीत, १७८१ साली, हैदर अलीची फौज या खोऱ्यात शिरली आणि तिने सारा प्रदेश उजाड केला. १८ फेब्रुवारी १७८२ रोजी हैदरचा मुलगा टिपू याने कुंभकोणमच्या परिसरात, अण्णगुडी येथे, इंग्रजांच्या कर्नल ब्रेथवेटला वेढून त्याच्या सैन्यासह कैद केले. म्हैसूरच्या या फौजेत बाण सोडणाऱ्यांची स्वतंत्र पथके असत. त्याआधी दीड वर्षांपूर्वी, १० सप्टेंबर १७८० रोजी, पोळ्ळिलूरच्या लढाईत त्यांच्या बाणांनीच इंग्रजांचे दारूगोळ्याचे गाडे पेटले असे मानले जाते.

हे बाण होते तरी कसे? ठोकून केलेली लोखंडी नळी, साधारण वीतभर लांब, दोनतीन बोटे जाड, एका टोकाने बंद. तिच्यात दारू ठासलेली आणि ती नळी सुमारे चार फूट बांबूला चामड्याच्या वादीने आवळलेली. कागदाच्या नळीपेक्षा लोखंडाची नळी आतला दाब अधिक सोसते, म्हणून वायू अधिक वेगाने मागे फेकला जातो आणि बाण दूर जातो. म्हैसूरचे बाण दोन किलोमीटरपर्यंत जात. इतिहासकारांनी या लोखंडाचे पुष्कळ कौतुक केले आहे आणि ते योग्यच आहे. पण बांबूकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. २०१८ साली कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात नगर येथे एका बुजलेल्या विहिरीतून त्या काळचे हजाराहून अधिक बाण निघाले. निघाल्या त्या लोखंडी नळ्या. ज्या काठीने बाणाला सरळपणा दिला ती केव्हाच कुजून गेली असणार.

श्रीरंगपट्टण १७९९ साली पडल्यावर हे बाण इंग्लंडात वुलिच येथे पोचले आणि विल्यम काँग्रीव्ह याने त्यांवरून आपले बाण तयार केले. १८०७ साली कोपनहेगन शहर जाळण्यात त्यांचा हात होता. काँग्रीव्हने नळी मोठी केली, दारू सुधारली. परंतु काठीला त्यालाही पर्याय सापडला नाही. त्याच्या मोठ्या बाणांना पंधरा फूट लांबीची काठी लागे! १८४४ साली विल्यम हेल याने काठी काढून टाकली आणि वायू तिरकस वाटेने बाहेर काढून बाण स्वतःभोवती फिरता केला. फिरत्या भोवऱ्याप्रमाणे तो आपली दिशा धरून राही.

रॉबर्ट गॉडर्डसारखा थोर माणूसही या प्रश्नापाशी अडखळला. १६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेत ऑबर्न येथे, एका शेतावर, त्याने द्रव इंधनावरचा जगातला पहिला अग्निबाण उडवला. त्याचे इंजिन वरच्या टोकाला होते आणि टाक्या खाली. वरून ओढले म्हणजे खालचा भार ओळंब्यासारखा सरळ लोंबत राहील, अशी त्यामागची समजूत होती. ती चुकीची आहे. ओळंब्याची दोरी भिंतीवरच्या खिळ्याला बांधलेली असते. अग्निबाणाचे इंजिन मात्र अग्निबाणालाच बांधलेले असते. अग्निबाण कलला की इंजिनही कलते आणि ओढही तिकडेच वळते. तो बाण अडीच सेकंद उडाला, सुमारे साडेबारा मीटर वर गेला आणि छप्पन्न मीटरवर कोबीच्या वाफ्यात पडला. पुढे त्याने इंजिन खाली आणले. ही साडेबारा मीटरची उंची श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. तिचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

आता साहित्याकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. घरी करायच्या बाणात दारू असणार नाही. फटाके फोडून गोळा केलेली पूड नाही, आगपेटीच्या काड्यांचा गूल नाही, कोणतेही जळणारे मिश्रण नाही. भारतात १८८४ च्या स्फोटक कायद्यानुसार परवान्याशिवाय असे मिश्रण करणे गुन्हा आहे. पण कायद्याचा धाक हे येथे दुय्यम कारण होय. बंद नळीत जळणारी पूड कधी बाणासारखी वागेल आणि कधी बाँबसारखी, हे ती ठासणाऱ्या हातांना कळत नाही. ज्यांचा हा पिढीजात धंदा आहे त्यांनाही ते नेहमी कळते असे नाही. तमिळनाडूतच शिवकाशीजवळ ५ सप्टेंबर २०१२ रोजी फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसच्या सुमारास माणसे मेली.

कुंभकोणमच्या परिसरात तर ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. १६ जुलै २००४ रोजी या शहरातील एका शाळेत स्वयंपाकघरातून निघालेली आग गवती छपरापर्यंत पोचली आणि ९४ मुले गेली. ज्या तालुक्यांनी ते पाहिले तेथे मुलांच्या हाती खेळ म्हणून ठिणगी देणे कोणालाही शोभणार नाही. शिवाय खेड्यांत झावळ्यांची छपरे आणि गवताच्या गंजी असतातच.

अमेरिकेतही हाच प्रश्न उभा राहिला होता. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यावर तेथील असंख्य मुलांनी तळघरांतून आपापले बाण ठासायला सुरुवात केली आणि कित्येकांनी हातपाय गमावले. त्यावर तेथे तोडगा निघाला तो नेब्रास्कातील ऑर्व्हिल कार्लाइल या पादत्राणांच्या दुकानदाराच्या युक्तीतून. इंजिनाची भरलेली नळी कारखान्यातून तयार यावी आणि मुलांनी फक्त कागद-लाकडाचे अंग बनवावे, अशी ती विभागणी होती. आपल्याकडे तशी नळी वाण्याच्या दुकानात मिळत नाही, म्हणून आपला तोडगा वेगळा. दारूच्या जागी पाणी आणि आगीच्या जागी दाबलेली हवा.

यावर कोणी म्हणेल, मग तो अग्निबाण कसला? आक्षेप शब्दाला धरून आहे, वस्तूला नाही. अग्निबाण पुढे जातो तो आगीमुळे नव्हे. आपल्यातले काहीतरी तो जोराने मागे फेकतो म्हणून. होडीतून काठावर उडी मारणाऱ्या माणसाच्या पायांखालून होडी मागे सरकते, तेच येथेही घडते. मागे फेकलेली वस्तू तापलेला वायू असो की कावेरीचे पाणी असो, न्यूटनच्या नियमाला त्याचे सोयरसुतक नाही.

पहिला प्रयोग फुग्याचा. एक लांब दोरा दोन झाडांमध्ये ताणून बांधावा. त्यात आधी शहाळ्याबरोबर मिळणाऱ्या नळीचा बोटभर तुकडा ओवलेला असावा. फुगा फुगवून, तोंड चिमटीत धरून, तो चिकटपट्टीने त्या नळीला लावावा आणि तोंड सोडून द्यावे. फुगा दोऱ्यावरून सरळ दुसऱ्या झाडापर्यंत धावतो. मग दुसरा फुगा दोऱ्याशिवाय सोडावा. तो भिंतीवर, छतावर, कोणाच्या डोक्यावर आपटत, वाटेल तसा भरकटून निपचित पडतो. दोन्ही फुग्यांतला जोर सारखाच होता. फरक होता तो दोऱ्याचा. पाच वर्षांच्या मुलालाही हा फरक दिसतो, आणि त्यानंतर काँग्रीव्हची पंधरा फुटांची काठी कशासाठी होती हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता खरा बाण. त्याचे अंग म्हणजे एक लिटरची प्लास्टिकची रिकामी बाटली. ती सोडा किंवा तत्सम फसफसणाऱ्या पेयाचीच हवी, कारण ती वायूचा दाब सोसण्यासाठीच बनवलेली असते. साध्या पाण्याची किंवा तेलाची बाटली चालणार नाही. काचेची बाटली तर हातीही घेऊ नये. चरा पडलेली, चेपलेली किंवा उन्हात राहून पांढरट झालेली बाटली भंगारात टाकावी.

बाटली उलटी धरली की तिचे बूड हे बाणाचे नाक आणि तोंड ही शेपूट होते. तोंडाजवळ तीन किंवा चार पंख लावायचे. पुठ्ठा भिजून लोळागोळा होतो, म्हणून जुन्या क्ष-किरण चित्राची फिल्म किंवा प्लास्टिकच्या फायलीचे पान घ्यावे. पंख एकमेकांच्या अगदी सारखे कापावेत आणि बाटलीच्या उभ्या रेषेत, जराही तिरपे न होऊ देता, चिकटपट्टीने बसवावेत. नाकावर मूठभर चिकणमातीचा गोळा थापून त्यावर अर्धा कापलेला प्लास्टिकचा चेंडू पालथा घालावा आणि तोही चिकटपट्टीने पक्का करावा. या भागात दगड, खिळा, धातूची टोपी असे काहीही वापरू नये. जे वर जाते ते त्याच वेगाने कोणाच्या तरी डोक्यावर येऊ शकते.

मातीचा गोळा पाहून मुलांना नवल वाटते. उडायचे आहे तर वजन कमी करावे, वाढवायचे कशाला? येथेच आपला मूळ प्रश्न पुन्हा येतो. हवेतून जाणारी वस्तू आपल्या गुरुत्वमध्याभोवती वळते आणि हवेचा जोर तिला जणू दुसऱ्याच एका बिंदूपाशी ढकलत असतो. हवेच्या जोराचा तो बिंदू गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर बाण कलल्याबरोबर हवाच त्याची शेपूट ढकलून त्याला पुन्हा सरळ करते. तो पुढे असेल तर थोडासा कल वाढत जातो आणि बाण कोलांट्या खातो. मातीने गुरुत्वमध्य नाकाकडे सरकतो, पंखांनी हवेचा बिंदू शेपटीकडे सरकतो. टिपूच्या बांबूचे रहस्य यापेक्षा वेगळे नव्हते, पिसाऱ्याच्या तीराचेही नव्हते.

हे दोन बिंदू घरबसल्या शोधता येतात. गुरुत्वमध्यासाठी पूर्ण तयार झालेला पण रिकामा बाण बोटावर आडवा तोलून पाहावा. जेथे तो समतोल राहील तेथे शाईची खूण करावी. दुसऱ्या बिंदूसाठी बाणाची आडवी सावली पुठ्ठ्यावर गिरवून, पंखांसकट तो आकार कापून घ्यावा आणि तो पट्टीच्या धारेवर तोलावा. ही रीत ढोबळ आहे, पण तिची चूक सुरक्षिततेच्या बाजूने पडते. पुठ्ठ्यावरची खूण बाणावरच्या खुणेपेक्षा शेपटीकडे निदान बाटलीच्या जाडीइतकी, म्हणजे सुमारे आठ सेंटीमीटर, मागे असली म्हणजे पुरे. कमी असेल तर आणखी माती लावावी किंवा पंख मोठे करावेत. पुढची परीक्षा अधिक गमतीची. शाईच्या खुणेपाशी तीनचार हात लांब दोरी बांधून बाण डोक्याभोवती गरगर फिरवावा. तो नाक पुढे करून शांतपणे फिरला तर आकाशातही तसाच जाईल. शेपूट पुढे आली किंवा तो आडवा झाला, तर त्याने अजून घरीच बसावे.

जमिनीवरचा भागही जपून करावा लागतो. एका फळीला बाटलीचा गळा जाईल एवढे भोक पाडावे. बाटलीच्या तोंडाखाली जे प्लास्टिकचे कडे असते ते फळीवर टेकेल इतकेच ते भोक असावे. फळी दोन बाजूंना विटांच्या थरांवर आडवी ठेवून जड दगडांनी दाबून टाकावी. भोकाच्या भोवती चार वेळूच्या काठ्या सरळ उभ्या ठोकल्या म्हणजे सुटतेवेळी बाण एकीकडे झुकत नाही. बाटलीच्या तोंडात खालून बसेल असे रबरी बूच घ्यावे. त्याला आरपार भोक पाडून सायकलच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह घट्ट बसवावा. व्हॉल्व्हला पंपाची नळी जोडायची, मात्र ही नळी पाचसहा मीटर लांब असली पाहिजे. बुचाला एक लांब दोरी बांधावी आणि ती फळीखाली ठोकलेल्या खुंटीखालून काढून दूर न्यावी, म्हणजे ती ओढताच बूच खाली निघेल. बूच दाबाने आपणहून सुटावे हे बरे. सुटले नाही तर ही दोरी आहे. बाटलीजवळ जाऊन वाकून पाहणे हा एकच प्रकार असा आहे की ज्याला कोणत्याही सबबीवर परवानगी नाही.

पाणी किती घालावे? कुंभकोणमकडे घरोघरी कॉफीचे पितळी टंबलर असतात. मोजायला त्यांच्यापेक्षा चांगले माप नाही. एक लिटरच्या बाटलीत दोन टंबलर, म्हणजे साधारण तृतीयांश बाटली, ही सुरुवात. पाणी अजिबात नसेल तर हवा हलकी असल्याने तिला फेकून फारसा जोर मिळत नाही आणि बाटली थोडीशी उसळून पडते. बाटली काठोकाठ भरली तर फेकायला पाणी पुष्कळ, पण ते फेकणारी हवाच उरत नाही. या दोन टोकांच्या मध्ये कोठे तरी उत्तम प्रमाण असते आणि ते प्रत्येक बाणाचे निराळे असते. ते पुस्तकात पाहू नये. अर्ध्या अर्ध्या टंबलरने वाढवत जाऊन वहीत मांडावे.

सगळे दूर सरल्यावर, शक्य तर मोठ्या माणसाच्या हाती पंप देऊन, हवा भरावी. मोटारीच्या टायरात असते तेवढ्या दाबाला, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा दोन वातावरणांच्या जवळपास, बूच निघते. त्या क्षणी पाणी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने खाली उसळते. दोन सेंटीमीटरहून जरा जास्त रुंदीच्या तोंडातून हा लोट सुटतो तेव्हा बाणावर वरच्या दिशेने जो जोर येतो तो चौदा किलोग्रॅमचे वजन उचलून धरण्याइतका असतो, आणि बाण तर पाण्यासकट अर्धा किलोग्रॅमही नसतो. पण हे सारे किती वेळ? सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा कमी. बाण जेमतेम कमरेइतका वर पोचतो तोवर त्याचे पाणी संपलेले असते.

तेथून पुढे तो अग्निबाण उरत नाही. वरचा सगळा प्रवास, माडाच्या शेंड्याला गाठणारे ते वीसेक मीटर, तो धनुष्यातून सुटलेल्या तिरासारखा निव्वळ मिळालेल्या वेगावर करतो. दोरीचा धक्का एकदाच मिळाला. आता मागे पिसे आहेत की नाहीत एवढाच प्रश्न. मराठीतल्या बाण शब्दाचे दोन्ही अर्थ या एका बाटलीत पाठोपाठ भेटतात. आणि पंख वाकडे चिकटवणाऱ्याला दाब कितीही वाढवून उपयोग नाही हेही येथेच कळते: जोर वाढवला तर तो अधिक वेगाने वाकडा जाईल, इतकेच.

उंची मोजायला शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली एक नट लोंबत सोडावा. बाणापासून वीस मीटर अंतरावर उभे राहून, कोनमापकाच्या सरळ कडेने बाणाच्या सर्वोच्च बिंदूकडे पाहावे. नजर बरोबर पंचेचाळीस अंश चढली असेल तर बाण वीस मीटर अधिक पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची इतका वर गेला. इतर कोनांसाठी त्रिकोणमितीचे कोष्टक आहेच. कुंभकोणमच्या मुलाला या कोष्टकाचा कंटाळा येऊ नये. श्रीनिवास रामानुजन याच शहरात वाढला आणि लोनीचे त्रिकोणमितीचे पुस्तक त्याने शाळकरी वयातच संपवले होते. वीस मीटर हा आकडा हाती आल्यावर गॉडर्डचे साडेबारा मीटर आठवावेत. तुलना अर्थातच अन्यायाची आहे, कारण गॉडर्डचे इंजिन द्रवरूप प्राणवायूवर चालत होते आणि त्यातून चंद्राची वाट निघाली. पण मुलांना ती ऐकून जो आनंद होतो तो हिरावून घेण्याचे कारण नाही.

अशा खटाटोपाला विज्ञान म्हणावे की खेळ, हा वाद शिक्षकांच्या बैठकींतून वरचेवर निघतो. मध्य प्रदेशात होशंगाबादच्या खेड्यांतील शाळांतून १९७२ पासून चाललेल्या विज्ञानशिक्षणाच्या उपक्रमाने आणि पुढे पुण्यात आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी, टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून त्याला उत्तर दिले आहे. मोडून पाहता येते तेच मुलाला कळते, असा गुप्तांच्या साऱ्या कामाचा रोख आहे. येथे एवढेच सुचवावेसे वाटते की एखाद्या बाणाचे पंख मुद्दाम काढून, दूर उभे राहून, एकदा तो उडू द्यावा. दोरी डोक्याभोवती फिरवताना जे पाहिले ते आकाशात खरे ठरताना पाहणे हा वर्गातल्या अनेक तासांहून मोलाचा तास आहे. त्यासाठी मात्र मैदान दुप्पट मोठे हवे आणि प्रेक्षक दुप्पट अंतरावर.

केरळात तुंबा येथील मासेमारांच्या वस्तीतून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारताच्या भूमीवरून पहिला अग्निबाण उडाला तेव्हा तो अमेरिकेहून आलेला होता. तेथील चर्चची इमारत कार्यशाळा बनली होती आणि बाणाचा पुढचा भाग सायकलवरून नेतानाचे छायाचित्र पुढे जगप्रसिद्ध झाले. भारतात तयार झालेला पहिला अग्निबाण, रोहिणी-७५, तेथूनच २० नोव्हेंबर १९६७ रोजी सुटला. नावातला आकडा त्याच्या व्यासाचा आहे: ७५ मिलिमीटर. म्हणजे आपल्या सोड्याच्या बाटलीहून तो किंचित बारीकच होता. त्यालाही मागे पंख होते. त्याच कुळातला रोहिणी-२०० हा बाण २८ फेब्रुवारी २०२४ रोजी तमिळनाडूच्याच किनाऱ्यावर, कुलशेखरपट्टिणम येथे, नव्या प्रक्षेपणकेंद्राची पायाभरणी झाली त्या दिवशी उडवण्यात आला.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. बाटली प्रत्येक उड्डाणापूर्वी उजेडाकडे धरून तपासावी आणि दहापंधरा उड्डाणांनंतर, ती धड दिसत असली तरी, निवृत्त करावी. पंख आणि नाक नव्या बाटलीला लावता येतात. वारा असेल त्या दिवशी थांबावे. विजेच्या तारांखाली, रस्त्याकडेला किंवा देवळाच्या तळ्याजवळ गर्दी असताना उडवू नये. बाण माडावर अडकला तर वर चढू नये. नारळ उतरवणारा पुढच्या खेपेला येईल तेव्हा तो काढून देईल. पाणी प्लास्टिकच्या बादलीतून न्यावे आणि वही कोरडी ठेवण्याचे काम एकाच मुलाकडे सोपवावे, कारण पहिल्या उड्डाणानंतर सगळेच भिजतात.